तिला आठवत नाही, त्याला सगळं आठवतं

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. परभणीत आमचा बायकांचा वाचनकट्टा आहे. दर महिन्याला एकीच्या घरी जमतो आणि वाचलेल्या पुस्तकावर बोलतो. या खेपेला एक अनुवादित कादंबरी घेतली होती. नावाजलेल्या, पैसेवाल्या माणसाची देखणी बायको. बंगला, पार्ट्या, मासिकांत दोघांचे फोटो. एक दिवस ती दवाखान्यात जागी होते आणि तिला स्वतःचं नावही सांगता येत नाही. नवरा येतो, प्रेमानं घरी नेतो, वेळच्या वेळी गोळ्या देतो, तिचं सगळं आयुष्य तोच तिला सांगतो. हळूहळू तिला कळतं की तो सांगतो तसं काही नव्हतं. तो तिला मारायचा. शेवटी एका प्रसंगात तिला सगळं भडाभडा आठवतं. आमच्यात दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, नाव विसरलेली बाई चहा कसा काय करते? आणि एक म्हणाली, "एवढा मार खाल्लेला कुणी इसरतंय व्हय?" असं खरंच घडतं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : घडतं. कादंबरीत असतं तितक्या थाटामाटात क्वचित, पण घडतं.

आधी चहाचं बघू. चहा करणं, स्कूटी चालवणं, ठिपके जोडून रांगोळी काढणं हे हाताला बसलेलं असतं. मराठी वाचता येणं, मुख्यमंत्री कोण हे माहीत असणं, ही वेगळी आठवण. आणि माझं लग्न कुठे झालं, काल रात्री मला कुणी काय केलं, ही आणखी वेगळी. यांतली एक जाते आणि बाकीच्या शाबूत राहतात. जबर मानसिक धक्क्यानंतर स्वतःच्या आयुष्याचा एखादा तुकडाच हाताशी न येणं, याला आम्ही डिसोसिएटिव्ह अम्नेशिया म्हणतो. स्वतःचं नावगाव विसरण्यापर्यंत गोष्ट जाणं दुर्मिळ. नेहमी दिसतं ते असं, की एक दुपार नाही, एक रात्र नाही, लग्नानंतरचे काही महिने धुरकट आहेत.

डोक्याला मार लागून जाणारी आठवण वेगळ्या चालीनं जाते. मार लागण्याआधीचा थोडा वेळ आणि नंतरचा काही काळ पुसला जातो, नवीन काही टिकत नाही, माणूस तोच प्रश्न दहादा विचारतो. पण शुद्धीवर आल्यावर तो स्वतःचं नाव सहसा विसरत नाही. म्हणून नाव विसरलेली बाई नीट चहा करून पुढे ठेवते, तेव्हा साखर, फिट, डोक्याची इजा हे सगळं तपासून झाल्यावर आम्ही विचारतो की ही कशातून गेली आहे.

आता "मार कुणी इसरतंय व्हय" याचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून माणसं नुकती निजली होती. मी तेव्हा नवखी डॉक्टर होते आणि मदतपथकाबरोबर त्या भागात गेले होते. एका गावात एक मध्यमवयीन शेतकरी भेटला. त्यानं हातांनी दगडमाती उपसून शेजारची माणसं बाहेर काढली होती, अख्ख्या गावानं ते पाहिलं होतं. त्याला मात्र मिरवणुकीतला गुलाल आठवत होता आणि त्यानंतर थेट लष्कराच्या गाडीतून उतरणारे जवान. मधलं काही नाही. नखं तुटलेली, बोटांना पट्ट्या, आणि स्वतःच्या हातांकडे बघून तो मला विचारत होता, "बाई, हे कशानं झालं?"

त्याला कुणी खोटारडा म्हटलं नाही. कुणी म्हटलं नाही की एवढा भूकंप कुणी विसरतं का. तुमच्या कट्ट्यावरच्या त्या मैत्रिणीला माझं एवढंच विचारणं आहे, की मग बंगल्यातल्या बाईला वेगळा न्याय का? उलट तिचं अवघड आहे. भूकंप येऊन गेला. हिच्यावर हात उचलणारा माणूस सकाळी समोर बसून नाश्ता करतो, मुलांची फी तोच भरतो, रात्री त्याच खोलीत निजायचं असतं. रात्रीचं सगळं लख्ख आठवत असेल तर सकाळी त्याच्या ताटात पोळी वाढायची कशी? मन काही गोष्टी बाजूला सारतं तेव्हाच ते घर चालतं.

अविश्वासाचं एक जुनं उदाहरण सांगते, कारण ते कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईचंच आहे. डिसेंबर १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्ती इंग्लंडमधल्या आपल्या घरातून नाहीशी झाली. त्याच वर्षी तिची आई वारली होती, आणि नवऱ्यानं दुसरीवर प्रेम असल्याचं सांगून घटस्फोट मागितला होता. अकरा दिवसांनी ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. रजिस्टरमध्ये तिनं जे आडनाव लिहिलं होतं ते त्या दुसऱ्या बाईचं. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी स्मृती गेल्याचं सांगितलं, लोक म्हणाले पुस्तकं खपवायला केलेलं नाटक. खरं काय होतं यावर आजही वाद घालतात. त्या अकरा दिवसांबद्दल तिनं आत्मचरित्रातही चकार शब्द लिहिला नाही. माझं लक्ष जातं ते लोकांच्या घाईकडे. आईचा मृत्यू आणि मोडणारा संसार एका वर्षात सोसलेल्या बाईबद्दल पहिली शंका आली ती ढोंगाची.

तुमच्या कादंबरीतली मला न पटणारी गोष्ट म्हणजे शेवट. तुम्ही लिहिलंय की शेवटी एका प्रसंगात तिला सगळं भडाभडा आठवतं. प्रत्यक्षात आठवण तुकड्यातुकड्यानं येते. आधी एखादा वास, गेट उघडल्याचा आवाज आला की पोटात गोळा, मग चित्र. काही कधीच येत नाही. ती ओढून आणायला जाऊ नये, कारण ओढताना आपण आपल्याच कल्पनेचे तुकडे त्यात जोडतो.

पण त्या लेखिकेनं एक गोष्ट फार अचूक पकडली आहे. बायकोचं आयुष्य तिला सांगण्याचा मक्ता एकट्या नवऱ्याकडे आहे. माझ्या लेखी त्या कादंबरीतली खरी मारहाण ती. 'वरून कीर्तन आतून तमाशा' असलेल्या घरात हेच चालतं, आणि घर जितकं झगमगीत तितकं ते सोपं जातं, कारण बाहेर विचारावं तर सगळे त्याचेच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. या सांगणाऱ्या. पुढचं पत्र न सांगणारीचं आहे.

प्रश्न : मॅडम, माझं वय ३४. मिस्टरांचं जिल्ह्यात मोठं नाव आहे. चौकात आमच्या दोघांचे फ्लेक्स लागतात. मागच्या वर्षी एका मंडळानं 'आदर्श दांपत्य' म्हणून सत्कार केला. घरात काय चालतं कुणालाच माहीत नाही. भांडण झालं की मला त्या रात्रीचं काही आठवत नाही. सकाळी अंग ठणकतं, दंडावर काळंनिळं झालेलं असतं. एकदा आठवडाभर आवाज बसला होता. ते म्हणतात, तूच तमाशा केलास, तूच भिंतीवर डोकं आपटून घेतलंस, तुझ्या डोक्यात फरक पडलाय. रोज रात्री झोपेची गोळी तेच हातावर ठेवतात. आता म्हणायलेत की पुण्याला नेऊन भरती करू. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती परवा एवढंच म्हणाली, "मम्मी, तू पडली नव्हतीस." मला वेड लागलंय का? नाव, गाव छापू नका.

उत्तर : नाव, गाव छापलेलं नाही, तुझं पत्रही मी माझ्याकडे ठेवलेलं नाही. माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अरेतुरे करते.

पत्रावरून निदान करता येत नाही. पण तू लिहिलेल्या गोष्टींत वेडाची म्हणावी अशी मला एकही दिसत नाही. दिसतात त्या आठवण जाण्याची कारणं असू शकणाऱ्या गोष्टी, आणि त्या तुझ्या डोक्याबाहेरच्या आहेत.

आवाज बसला होता, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. कुणी गळा दाबला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. त्या वेळेची आठवण मेंदूत तयारच होत नाही, म्हणून ती नंतर कितीही ताण दिला तरी येणार नाही. बाहेरून गळ्यावर वळ पुष्कळदा दिसतही नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत किंवा पापणीच्या आत लाल ठिपके दिसतात, कधी कपड्यात लघवी झालेली असते. यातलं काही तुला आठवतं का बघ. गळ्यातल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली तर कित्येक दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. आणि तुला घाबरवायला नाही, पण स्पष्ट सांगते: ज्या घरात गळ्यापर्यंत हात गेला आहे, त्या घरात बाईच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका असतो. पुन्हा असं झालं तर सकाळची वाट न बघता ११२ लाव.

आता गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही झोपेसाठी आणि घबराटीसाठी सर्रास दिली जाणारी औषधं. ती घेतल्यानंतरच्या काही तासांत घडलेलं मनात नोंदलंच जात नाही, असं अनेकांना होतं. बाई बोलते, चालते, भांडते, आणि सकाळी कोरी पाटी. दारू बरोबर असेल तर आणखी वाईट. तुझी गोळी कोणती, किती पॉवरची, कुणी लिहून दिली, कागद तुझ्या नावाचा आहे का, हे तुला माहीत असलं पाहिजे. स्ट्रिपच्या मागे नाव असतं, ते लक्षात ठेव. तो गोळी स्ट्रिपमधून आधीच काढून, मोकळी आणून देत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. मात्र एक कर, गोळी एकदम तोडू नकोस. बरेच महिने रोज घेतलेली ही औषधं अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, आणि मग तीच फिट तुझ्या 'डोक्यातल्या फरका'चा पुरावा म्हणून फिरवतील. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची. (थायरॉईड आणि बी-१२ सुद्धा तपासून घे. आपल्याकडच्या बायकांत ते कमी-जास्त असणं नवं नाही आणि विसराळूपणा त्यानंही वाढतो.)

दवाखान्यात तुला तो घेऊन जाईल तेव्हा काय होतं हे मी रोज बघते. एक जोडपं आलं होतं, ओळख लागेल असं सगळं बदलून सांगते. तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, दोन मोबाइल टेबलावर. मी तिला विचारलं, सकाळी काय खाल्लं? तो म्हणाला, पोहे. झोप लागते का? तो म्हणाला, उशिरा. किती वर्षं झाली लग्नाला? तेही त्यानंच सांगितलं, हसून, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मी त्याला फाइल करायला काउंटरवर पाठवलं. तो गेल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल? "दार लागलं का?" नंतरचा अर्धा तास ती एकटी बोलली आणि तारखांसकट बोलली.

म्हणून तू डॉक्टरला सांगायचंस, मला एकटीला बोलायचं आहे. मोठ्यानं सांगता येत नसेल तर बीपी बघताना नर्सच्या कानात सांग. त्याच्या बैठकीतल्या डॉक्टरकडे नको, शक्य झाल्यास सरकारी दवाखान्यात जा. तिथे केसपेपर निघतो. मारहाणीचं सांगितलंस तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायद्याच्या कामी येणारी केस) म्हणून नोंद होते, आणि ती नोंद कुणाच्या ओळखीनं सहजी पुसता येत नाही.

भरती करण्याच्या धमकीला फार भिऊ नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं नवऱ्याच्या एका शब्दावर कुणाला भरती करता येत नाही. तुझी संमती नसेल तर दोन तज्ज्ञांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, तुला स्वतंत्रपणे तपासून तशी गरज आहे असं लिहावं लागतं. आणि बहुतेकींना ठाऊक नसलेली गोष्ट: तुझ्या उपचारांबाबत तुझ्या वतीनं बोलणारी व्यक्ती तू स्वतः नेमू शकतेस. साध्या कागदावर लिहून सही करायची. स्टॅम्प नको, वकील नको. ती व्यक्ती सज्ञान हवी आणि तिची तयारी हवी, नवराच पाहिजे असं नाही. बहीण, मावशी, मैत्रीण, कुणीही चालेल. आज शुद्धीत, शांत डोक्यानं तो कागद कर आणि त्या व्यक्तीकडे देऊन ठेव. तुझ्याबद्दल सांगण्याचा मक्ता त्या एका कागदानं तुटतो.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तुझ्यासाठी आहे, आणि त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयातून भेटतील. बंगला कुणाच्याही नावावर असो, तुला त्यात राहण्याचा हक्क आहे. नवरा पैसेवाला आहे म्हणून फुकट वकील मिळणार नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १८१ ही महिला हेल्पलाइन. राहण्याची तातडीची सोय हवी असेल तर सखी वन स्टॉप सेंटर. मनाचं बोलायला १४४१६, टेलिमानस, कुठल्याही वेळी, मराठीत. फोन त्याच्या हातात पडत असेल तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून कर.

जबाब द्यायची वेळ आली तर जे आठवत नाही ते 'आठवत नाही' असंच सांग. रिकामी जागा अंदाजानं भरू नकोस. आवाज बसला होता, हे तुला माहीत आहे. दंडावर काळंनिळं होतं, हे तुला माहीत आहे. गोळी कोण देतं, हे तुला माहीत आहे. एवढं पुरेसं बळकट आहे. लिहून ठेवायचं ते घरात ठेवू नकोस, बहिणीकडे ठेव. आधार कार्ड, पासबुक, मुलीचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्सही तिथेच. आणि आपल्याला संशय आलाय हे त्याला कळू देऊ नकोस. बाई निघायला लागते तो काळ सगळ्यात जोखमीचा, म्हणून निघण्याचं आधी संरक्षण अधिकाऱ्याशी किंवा १८१ वर बोलून ठरव.

मुलीबद्दल शेवटी लिहिते, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. तिला खोदून खोदून विचारू नकोस, तिच्याकडून वदवूनही घेऊ नकोस. तिनं सांगितलं ते बरोबर आहे आणि यात तिचा काही दोष नाही, एवढं तिला जवळ घेऊन सांग. तुझ्या घरात तुझ्या बाजूनं बोललेलं ते एकमेव माणूस आहे आणि ते नऊ वर्षांचं आहे.

प्रश्न : मॅडम, आम्ही नांदेड जिल्ह्यातले शेतकरी. दोन एकर विकून बहिणीचं लग्न संभाजीनगरला मोठ्या घरात केलं. लॉन्स, घोडे, ड्रोन, सगळं झालं. आता फोन केला की स्पीकरवर असतो. ताई अडखळत बोलते, आईच्या तेराव्याला कोण कोण आलतं तेही तिला आठवेना. दाजी म्हणतात, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. वडील म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण बोलायचं नाही. मी काय करावं?
– एक भाऊ

उत्तर : भाऊ, मूठ तुमची झाकलेली आहे आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार तुमची ताई खात असेल, असं होऊ देऊ नका. वडिलांना सांगा की दोन एकर गेली ती गेली. मला तुमच्या ताईच्या घरात काय चालतं हे माहीत नाही, तुम्हालाही नाही, म्हणून आधी तिला एकटीला भेटा.

दाजींशी वाद घालायला जाऊ नका. त्याची भरपाई ती करेल, तुम्ही बसमध्ये बसल्यावर. भेटलात की "काय झालं ते आठव" असा धोसरा लावू नका. घरचं सांगा, म्हैस व्याली, बोअरला पाणी लागलं, कुणाचं लग्न ठरलं. माहेरचं बोलता बोलता ती आपण होऊन काय बोलते ते ऐका. फोनवर बोलताना तिला नुसतं हो किंवा नाही म्हणता येईल असंच विचारा. "ये म्हणू का तुला न्यायला?" एवढं पुरे.

दाजी म्हणतात तसा डोक्याचा आजार खराच असेल, तर तपासणीला त्यांची ना नसावी. तुमच्या बरोबर, तुमच्या डॉक्टरकडे. आणि मारहाण आहे असं दिसलं, पण ताईला तक्रार करायचा धीर नसला, तरी संरक्षण अधिकाऱ्याला तुम्ही कळवू शकता. सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर कायदा काही बालंट येऊ देत नाही.

श्रावणात पंचमी आहे. लेकीला पंचमीला माहेरी आणायचं कुणाला सांगावं लागत नाही, आणि कोणतंही घर त्याला सहजी नाही म्हणत नाही. "पाठवून देतो" यावर थांबू नका, स्वतः जा, आणि ताईला चार दिवस नाही, पंधरा दिवस ठेवून घ्या. त्या दिवसांत ती रोज कोणत्या गोळ्या घेत होती ते बघा, आणि गोळ्यांसकट तिला डॉक्टरकडे न्या.